रक्तात विषाणू सापडत नाही, मग विसर का पडतो?

गेल्या काही महिन्यांत सीमाभागातून एकाच विषयावरची पत्रे लागोपाठ आली आहेत. एचआयव्हीवरची औषधे, म्हणजे एआरटी, मेंदूचेही रक्षण करतात का, आणि करत असतील तर कितपत, असे या वाचकांना विचारायचे आहे. त्यांतली तीन पत्रे या अंकात घेतली आहेत. कोणाच्याही संसर्गाची माहिती त्याच्या संमतीवाचून उघड करण्यास २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे, म्हणून पत्रलेखकांची ओळख पटेल असा मजकूर गाळला असून केवळ तालुका ठेवला आहे.

पत्र पहिले, निपाणी तालुका

मा. डॉक्टरसाहेब, मी तंबाखूच्या वखारीत दिवाणजी आहे. वय ५४. एआरटीच्या गोळ्या २००९ पासून घेतो. तेव्हा सीडी फोर (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींची संख्या) ८६ होता, आता ५०० च्या वर आहे, आणि व्हायरल लोडच्या (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या) कागदावर दर वेळी ‘आढळला नाही’ असेच लिहून येते. सुरुवातीला स्टॅव्ह्युडिनची गोळी होती, मग एफाविरेन्झची, आता डोल्युटेग्रावीरची आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आठ वर्षे चालू आहे. माळकरी असल्यामुळे मांस-मासे-अंडी वर्ज्य. गेल्या दीड वर्षात बेरजा चुकू लागल्या आहेत, रोज येणाऱ्या शेतकऱ्याचे नाव ओठांवर येऊन अडते, रात्री झोप लागत नाही आणि तळपायांना मुंग्या येतात. एक स्नेही म्हणतात की ही औषधे मेंदूपर्यंत पोहोचतच नाहीत. दुसरे म्हणतात की गोळ्यांनीच डोके जड होते, महिनाभर बंद करून पाहा. खरे काय मानावे?

उत्तर:

दुसऱ्या स्नेह्यांच्या सल्ल्याचे आधी पाहू. गोळ्या एक दिवसही बंद करू नका. ठरवून औषधे थांबवावीत आणि सीडी फोर घसरला की पुन्हा सुरू करावीत, ही पद्धत एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तपासून झालेली आहे. २००६ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा औषधे थांबवणाऱ्या गटात गंभीर आजारपण आणि मृत्यू दोन्ही अधिक आढळले होते. मेंदूच्या बाबतीत तर खंड पडणे विशेष वाईट, कारण रक्तात विषाणू पुन्हा वाढू लागला की मेंदूकडे जाण्याची त्याची वाटही पुन्हा मोकळी होते.

आता पहिल्या स्नेह्यांचे म्हणणे. एचआयव्ही मेंदूत जातो हे खरे आहे, आणि संसर्गाच्या पहिल्या काही आठवड्यांतच जातो. रक्तातल्या ज्या पांढऱ्या पेशींना त्याने ग्रासलेले असते, त्यांच्याबरोबर तो रक्त आणि मेंदू यांच्यामधला नैसर्गिक अडसर ओलांडतो. आपण ज्यांच्या बळावर विचार करतो त्या मज्जापेशींत तो सहसा शिरत नाही. मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया आणि मॅक्रोफेज या पेशींत तो ठाण मांडतो, आणि या पेशींतून पाझरणारी दाहकारक द्रव्ये व विषाणूची काही प्रथिने मज्जापेशींना इजा करतात. त्यामुळे एचआयव्हीने मेंदूवर परिणाम झाला तर तो अल्झायमरसारखा नसतो. जुन्या आठवणी सहसा शाबूत राहतात, पण विचारांचा वेग मंदावतो, एका वेळी दोन कामे सांभाळणे जमत नाही, आणि हातांच्या हालचाली संथ होतात.

औषधे या साऱ्यापासून कितपत वाचवतात? सर्वांत भयंकर अवस्थेपासून, म्हणजे स्मृतिभ्रंशापासून, ती फार चांगले संरक्षण देतात. १९९६ च्या सुमारास तीन औषधांचा एकत्रित उपचार सुरू झाला, त्यापूर्वी एड्सच्या शेवटच्या टप्प्यातील दर पाच-सहा रुग्णांमागे एकाला स्मृतिभ्रंश होत असे. २०१० मध्ये अमेरिकेत सुमारे दीड हजार एचआयव्हीबाधितांच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात हे प्रमाण २ टक्के होते. माझ्या दृष्टीने वैद्यकातल्या अलीकडच्या मोठ्या यशांपैकी हे एक आहे, आणि आपल्या भागातल्या रुग्णांना ते कोणी नीट सांगितलेलेच नाही याचे मला वाईट वाटते.

त्याच पाहणीतला एक आकडा मात्र तुमच्यासारख्या अनेकांना घाबरवून गेला. तपासलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांचे गुण स्मरण, एकाग्रता, वेग अशा चाचण्यांत कमी भरले होते. पण त्यांतल्या बहुसंख्यांना, म्हणजे एकूण पाहणीतल्या सुमारे ३३ टक्क्यांना, रोजच्या आयुष्यात कसलाही त्रास नव्हता. त्रास जाणवण्याइतका सौम्य दोष असलेले १२ टक्के होते. चाचणीत गुण कमी पडण्याची कारणे अनेक असतात. शिक्षण कमी असते, झोप झालेली नसते, मन खिन्न असते. त्यामुळे केवळ कमी गुणांवरून मेंदूचा आजार ठरवू नये, तक्रार, तपासणी आणि इतर कारणे यांचा एकत्र विचार करावा, अशी भूमिका २०२३ मध्ये या विषयातल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने मांडली आहे. ‘एचआयव्ही असलेल्या निम्म्या लोकांची बुद्धी जाते’ असे कोणी सांगितले तर ते ऐकून घेऊ नका.

तुमच्या बाबतीत जुन्या काळाची थोडी खूण राहिली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पुढे मेंदूची तक्रार कोणाला होईल याचा सर्वांत विश्वासार्ह अंदाज, त्या व्यक्तीचा सीडी फोर आयुष्यात कमीत कमी किती खाली गेला होता, यावरून येतो. तुमचा तो ८६ पर्यंत उतरला होता. त्या काळी सीडी फोर बराच खाली येईपर्यंत सरकारी केंद्रात औषध सुरू होत नसे. निदान झाल्याबरोबर प्रत्येकाला उपचार हे धोरण आपल्या देशात २०१७ मध्ये आले. उसाच्या फडाला लागलेली आग विझवली तरी जळालेला ऊस परत उभा राहत नाही, तसे हे आहे. औषध नवा विषाणू तयार होऊ देत नाही आणि पुढची हानी रोखते, पण आधी झालेली सगळी हानी भरून काढणे त्याच्या हाती नसते. अशी जुनी खूण मात्र सहसा जागच्या जागी राहते. चौदा-पंधरा वर्षे नीट काम केल्यावर गेल्या दीड वर्षात नव्याने बेरजा चुकू लागल्या, याचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे, आणि ते तुमच्या पत्रातच आहे असे मला वाटते.

तुम्ही माळकरी आहात आणि आठ वर्षे मेटफॉर्मिन घेत आहात. बी बारा हे जीवनसत्त्व माणसाला प्रामुख्याने प्राणिजन्य अन्नातून मिळते, त्यामुळे शाकाहाऱ्यांना ते दूध, दही आणि ताक यांतूनच काय ते मिळते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास आतड्यातून त्याचे शोषण आणखी घटते. बी बाराच्या कमतरतेने विसराळूपणा येतो, मन उदास राहते आणि तळपायांना मुंग्याही येतात. मुंग्यांची आणखी दोन कारणे तुमच्याकडे आहेत, एक मधुमेह आणि दुसरे स्टॅव्ह्युडिन, ज्याच्यामुळे पायांच्या नसा दुखावतात म्हणून ते पुढे वापरातून गेले. पण या तिघांत झटपट सुधारता येण्याजोगे कारण बी बारा आहे, म्हणून त्याची रक्ततपासणी आधी करून घ्या. कमतरता निघाली तर इंजेक्शनांनी ती भरून येते. त्यासाठी माळ उतरवण्याची काही गरज नाही.

दुसरी एक गोष्ट तुमच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना अवश्य सांगा. डोल्युटेग्रावीरमुळे रक्तातले मेटफॉर्मिनचे प्रमाण वाढते, म्हणून दोन्ही बरोबर चालू असताना मेटफॉर्मिन दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याची शिफारस आहे. बरेच रुग्ण मधुमेहाच्या डॉक्टरांपासून एआरटी लपवतात. त्यामागची भीती मी समजू शकतो, पण औषधे लपवण्यात शारीरिक धोका आहे, आणि तुम्ही सांगितलेले गुप्त ठेवण्याचे बंधन कायद्याने त्या डॉक्टरांवर घातले आहे.

गोळ्यांनी डोके जड होते, हे दुसऱ्या स्नेह्यांचे म्हणणे एका औषधापुरते बरोबर होते. एफाविरेन्झने चक्कर, विचित्र स्वप्ने, झोपमोड आणि मनाची अस्वस्थता होत असे, आणि ते मागे पडण्याचे हेही एक कारण आहे. डोल्युटेग्रावीरचा असा त्रास पुष्कळ कमी असला तरी काहींची झोप त्याने उडते. तुम्ही गोळी रात्री घेत असाल तर केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून सकाळी घेऊन पाहा. न झोपलेल्या माणसाची बेरीज चुकणारच.

याखेरीज रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर, थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि सिफिलिसची तपासणी करून घ्या. तंबाखू खात किंवा ओढत असाल तर सोडा, कारण मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांना ती रक्तदाबाइतकीच घातक आहे. आणि मनाविषयीही मोकळेपणाने बोला. इतकी वर्षे एखादी गोष्ट वखारीत, भावकीत आणि देवळात लपवत राहण्याचा ताण माणसाची एकाग्रता खातो, आणि नैराश्याचा विसराळूपणा उपचारांनी बरा होतो.

स्मरणशक्तीची चाचणी करायची ठरली तर एक काळजी घ्या. एआरटी केंद्रातही करता येईल अशी एक छोटी चाचणी २००५ पासून प्रचलित आहे. तीत बोटे भराभर आपटायला सांगतात, हाताच्या तीन स्थिती क्रमाने करायला लावतात आणि चार शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारतात. बारापैकी दहा किंवा त्याहून कमी गुण आले तर पुढची सविस्तर तपासणी करतात. ते शब्द तुम्हाला मराठीत सांगावेत असा आग्रह धरा. आपल्याकडे बाजारापुरते कन्नड सगळ्यांनाच येते, पण ज्याची शाळा मराठीत झाली त्याची स्मृती दुसऱ्या भाषेतल्या शब्दांवर जोखली तर निरोगी माणूसही आजारी ठरायचा. सविस्तर तपासणी धारवाडच्या मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत, म्हणजे डिमहान्समध्ये, होऊ शकते. तिथे जाताना मराठी बोलणारा घरचा माणूस आणि तुमच्या औषधांचे जुने कागद बरोबर न्या.

पत्र दुसरे, खानापूर तालुका

माझे थोरले बंधू, वय ४३, पहिली औषधे लागू पडेनाशी झाल्यामुळे काही वर्षे दुसऱ्या फळीतल्या गोळ्यांवर आहेत. पुडीवर अटाझानावीर आणि रिटोनावीर अशी नावे आहेत. दीड महिन्यापासून त्यांचे हात थरथरतात, चालताना तोल जातो, बोलणे अडखळते आणि विचारलेल्याचे उत्तर फार उशिरा येते. रक्तात विषाणू आढळला नाही, म्हणून जवळच्या डॉक्टरांनी ताकदीची औषधे दिली. घरचे म्हणतात बाहेरचे काही असेल, अंगारा लावून पाहू. दादाला मोठ्या दवाखान्यात न्यावे का? माझ्या वाचनात असे आले की काही औषधे मेंदूत जास्त जातात. तशी मागून घ्यावीत का?

उत्तर:

न्यावे, आणि याच आठवड्यात न्यावे. या दरम्यान ताप, तीव्र डोकेदुखी, झटका, अंगाच्या एका बाजूची कमजोरी किंवा अचानक भ्रम यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी हलवा, कारण क्षयाचा किंवा क्रिप्टोकॉकस बुरशीचा मेंदूज्वर आणि टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा मेंदूतला संसर्ग यांना दिरंगाई चालत नाही.

तुमच्या बंधूंच्या लक्षणांचा एक अर्थ असा असू शकतो की रक्तातला विषाणू औषधांच्या ताब्यात आहे, पण मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात तो वाढत आहे. हा प्रकार विरळ आहे, तरी तो भारतातल्या डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे, आणि अटाझानावीर-रिटोनावीर घेणाऱ्या रुग्णांत तो विशेष नोंदवला गेला आहे. असे होण्याचे कारण समजायला कठीण नाही. आधीच्या उपचारात विषाणूने काही औषधांना जुमानणे सोडलेले असते. नव्या जोडीतली औषधे रक्तात पुरेशी असतात, पण मेंदूकडच्या अडसरापलीकडे त्यांचा अंश थोडाच पोहोचतो, आणि तेवढ्याशा औषधाला न जुमानणारा विषाणू तेथे पुन्हा पैदास करू लागतो. रक्ताचा अहवाल अशा वेळी दिशाभूल करतो, आणि इतक्या लक्षणांवर केवळ ताकदीची औषधे देऊन भागवणे मला योग्य वाटत नाही.

निदानासाठी मेंदूचा एमआरआय करतात आणि कमरेत सुई घालून मणक्यातले पाणी काढतात. या पाण्याच्या तपासणीला लोक फार भितात, पाणी काढले की माणूस पांगळा होतो असे आजही खेडोपाडी बोलले जाते. ते खरे नाही. सुई जेथे घालतात तेथे मज्जारज्जू संपलेला असतो, आणि बहुतेकांना एखादा दिवस डोके दुखण्यापलीकडे काही होत नाही. त्या पाण्यात इतर जंतूंबरोबर एचआयव्हीचा व्हायरल लोडही मोजावा अशी स्पष्ट विनंती करा, कारण तो नेहमीच्या तपासण्यांत धरलेला नसतो. शक्य झाल्यास विषाणू कोणत्या औषधांना दाद देत नाही हेही त्याच नमुन्यावर पाहतात. औषध बदलायचे झाल्यास तुमच्या केंद्रातून एआरटी प्लस केंद्राकडे आणि तेथून तज्ज्ञ समितीकडे प्रकरण जाते, त्यामुळे केंद्राची चिठ्ठी घेऊनच निघा. बेळगाव, हुबळी-धारवाड किंवा मिरज, जेथे मेंदूविकारतज्ज्ञ लवकर भेटतील तेथे जा; राज्याची सीमा मध्ये येते म्हणून थांबू नका. योग्य औषधांची जोड दिल्यावर असे अनेक रुग्ण काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुष्कळ सुधारतात. अंगाऱ्याने दादाला धीर येत असेल तर लावा, पण गाडी त्याआधी ठरवा.

मेंदूत जास्त जाणारी औषधे मागून घ्यावीत का, हा तुमचा प्रश्न मोलाचा आहे. कोणते औषध त्या अडसरापलीकडे किती पोहोचते याची क्रमवारी २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी मांडली. तीत झिडोव्ह्युडिन, नेव्हिरापिन यांसारखी औषधे वरच्या बाजूला आली आणि टेनोफोवीर खाली राहिले. वरच्या औषधांनी मणक्यातल्या पाण्यातला विषाणू अधिक कमी होतो, हे दिसले. मग विस्मरणही कमी होईल अशी साहजिक अपेक्षा होती, पण ती प्रत्यक्षात उतरली नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत मुद्दाम अशी औषधे देऊनही बुद्धीच्या चाचण्यांत फायदा दिसला नाही, आणि युरोप-अमेरिकेतल्या हजारो रुग्णांच्या नोंदींवरून त्याच वर्षी निघालेल्या निष्कर्षांत तर अशा औषधांवरच्या लोकांत स्मृतिभ्रंश उलट अधिकच आढळला. म्हणून ज्याचे सगळे नीट चालले आहे त्याने केवळ मेंदूसाठी म्हणून औषध बदलून मागू नये. बंधूंची गोष्ट वेगळी आहे. पाण्यात विषाणू सापडलाच तर त्यांच्यासाठी ही क्रमवारी आणि प्रतिरोधाचा अहवाल या दोन्हींचा विचार तज्ज्ञांनी करायलाच हवा, आणि डोल्युटेग्रावीर आता हाताशी असल्यामुळे त्यांच्यापुढे पूर्वीपेक्षा चांगले पर्याय आहेत.

पत्र तिसरे, अथणी तालुका

डॉक्टर, माझे वय २७. चार महिन्यांपूर्वी गरोदरपणाच्या तपासणीत एचआयव्ही निघाला आणि त्याच आठवड्यात गोळी सुरू झाली. सीडी फोर ६४० आहे. म्हातारपणी मला वेड लागेल असे जाऊबाई म्हणाल्या, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. आरोग्य केंद्रातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्याही मिळाल्या आहेत, त्या चालतील ना?

उत्तर:

ताई, तुमच्या जाऊबाईंनी पाहिले किंवा ऐकले असेल ते औषधे नसतानाच्या काळातले. आपल्या देशात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली, आणि त्याआधी बेळगाव-बागलकोट पट्ट्यात ज्या घरांत हा आजार आला तेथे शेवटी काय होई, हे त्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे. तुमची प्रतिकारशक्ती खचण्याआधीच औषध सुरू झाले आहे. मेंदूला धोका खरा असतो तो सीडी फोर फार खाली गेल्यावर, आणि तुमच्यावर ती वेळ आलेलीच नाही.

याला आधारही आहे. सीडी फोर ५०० च्या वर असलेल्या लोकांना लगेच औषध द्यावे की थांबावे, याचा एक जागतिक अभ्यास २०१५ मध्ये पूर्ण झाला. लगेच औषध घेणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी झाले. त्याच अभ्यासात काहींच्या स्मरण-एकाग्रतेच्या चाचण्या सुमारे तीन वर्षे घेतल्या गेल्या, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही, म्हणजे प्रतिकारशक्ती चांगली असेपर्यंत थांबलेल्यांचाही मेंदू तेवढ्या काळात बिघडला नव्हता. तुम्ही तर थांबलेलाही नाही. भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या सी उपप्रकाराच्या विषाणूचे टॅट नावाचे प्रथिन दाहक पेशींना मेंदूकडे तितक्या जोराने खेचत नाही, असे बंगळुरूच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवले होते. त्यावर विसंबून औषधात ढिलाई मात्र करू नये, कारण उपचार न मिळालेल्या भारतीय रुग्णांतही मेंदूचे विकार आढळलेले आहेत.

गोळी रोज घेतलीत तर तुमच्या बाळालाही संसर्गापासून फार मोठे संरक्षण मिळते. वर्षातून एकदा व्हायरल लोड, आणि गरोदरपणात केंद्र सांगेल त्या वेळी तो करून घेणे, एवढे सांभाळा. जाऊबाईंना किंवा कोणालाही समजावून सांगणे जड वाटले तर केंद्रातल्या समुपदेशकांना सांगा, नाहीतर १०९७ या मोफत क्रमांकावर बोला.

लोह आणि कॅल्शियम तुम्हाला हवेच आहे, ते सोडू नका. फक्त उपाशीपोटी या गोळ्या आणि एआरटीची गोळी एकत्र घेतल्यास डोल्युटेग्रावीर पोटात त्यांना चिकटून राहते आणि रक्तात कमी उतरते. म्हणून तीनही गोळ्या जेवणाबरोबर घ्या, किंवा एआरटीची गोळी लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी अथवा सहा तास नंतर घ्या. पित्तावरचे पांढरे पातळ औषध घ्यावे लागले तर ते मात्र जेवणाबरोबरही एकत्र चालत नाही, तेथे हेच दोन आणि सहा तासांचे अंतर ठेवा.